क्लब फिटिंग (गोल्फ)

खेळाडूची उंची, हातांची लांबी, पंजा आणि स्विंग पाहून गोल्फ क्लबची लांबी, लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन), लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन), शाफ्ट (दांडा) व ग्रिप (मूठ) ठरवण्याची, किंवा हाताशी असलेल्या क्लबमध्ये तसे बदल करून घेण्याची पद्धत. दुकानातला तयार सेट सरासरी बांध्यासाठी बनवलेला असतो. तोच सात नंबरचा आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) सव्वापाच फुटांच्या आणि सव्वासहा फुटांच्या माणसाने धरला, तर एकाच्या क्लबच्या डोक्याचे टोक वर उचलले जाते, दुसऱ्याचे जमिनीत रुतते.

हा लायचा दोष. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा टोक वर उचललेला क्लब चेंडू डावीकडे पाठवतो, टोक खाली असलेला उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितका फरक मोठा, म्हणून वेजमध्ये (जवळच्या, उंच फटक्यांचा जास्त लॉफ्टचा क्लब) तो आधी दिसतो. चूक हातांची समजून खेळाडू नेम उलट बाजूला धरायला लागतो आणि मग स्विंगही बिघडतो. तपासणी सोपी आहे : चेंडूवर मार्करने उभी रेघ काढायची, ती क्लबकडे करून फटका मारायचा आणि क्लबवर उमटलेली रेघ पाहायची. ती खाचांना काटकोनात असावी. रेघेची वरची बाजू क्लबच्या टोकाकडे झुकली असेल, तर लाय जास्त उभा आहे. घडीव आयर्न यंत्रात धरून एक-दोन अंश सहज वाकवता येतो. ओतीव आयर्नला जपावे लागते, कारण तो मानेत तडकू शकतो.

लांबीचा अंदाज बूट घालून, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतच्या अंतरावरून घेतात. हा अंदाजच, शेवटचा निर्णय चेंडू क्लबच्या मध्यावर लागतो का, हे पाहून होतो. अर्धा इंच वाढवला की स्विंगवेट (फिरवताना क्लबचे डोके किती जड भासते त्याचे माप) साधारण तीन अंकांनी वाढते, क्लब जड भासतो.

ग्रिपचा खर्च सगळ्यात कमी, आणि दुर्लक्षही तिच्याकडेच जास्त. डाव्या हाताने धरल्यावर मधली दोन बोटे तळव्याला जेमतेम टेकावीत. बोटे तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक आहे, मधे फट राहिली तर जाड. टेपचा एखादा जादा थर देऊन जाडी वाढवता येते. शाफ्टचा कडकपणा स्विंगच्या वेगावर ठरतो : ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) वेग ताशी 85 ते 95 मैल असेल तर बहुधा रेग्युलर, त्यापुढे स्टिफ. निवड मात्र लाँच मॉनिटरवरच्या (फटक्याचा वेग व अंतर मोजणारे यंत्र) सर्वांत लांब फटक्यावरून करू नये. आठ-दहा चेंडू किती जवळजवळ पडले ते पाहावे.

नागपुरात बाउन्सचा (वेजचा तळ पुढच्या धारेपेक्षा किती अंशांनी खाली उतरतो तो कोन) विचार वेगळा करावा लागतो. उन्हाळ्यात काळी माती टणक होऊन भेगाळते. पाणी कमी पडलेल्या फेअरवेवर (मैदानातला कापलेल्या गवताचा पट्टा) दहा अंशांहून जास्त बाउन्सचा वेज आपटून उसळतो आणि चेंडू मधोमध कापला जातो. पावसाळ्यात हीच माती चिकट होते, तेव्हा चार-सहा अंशांचा वेज खाली घुसून अडकतो. बारा महिने खेळणाऱ्याने सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा वेज) जास्त बाउन्सचा आणि दुसरा वेज कमी बाउन्सचा ठेवलेला बरा. खोलीतल्या चटईवर यातले काही कळत नाही : चेंडूमागे मारलेला क्लबही चटईवरून घसरून पुढे जातो आणि फटका चांगला वाटतो. त्यामुळे वेज गवतावरच पारखावेत. अंतरे एकाच हंगामात मोजावीत. जानेवारीच्या गार सकाळी आणि मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारी तोच क्लब सारखे अंतर देत नाही.

नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत क्लब बंद गाडीच्या डिक्कीत ठेवू नयेत. शाफ्ट आणि डोके जोडणारे इपॉक्सी उष्णतेने मऊ पडू शकते, ग्रिपखालची टेप सैल होते आणि ग्रिप नकळत किंचित फिरते. आतून कंगोरा असलेल्या ग्रिपवर हात त्या कंगोऱ्यानुसारच बसतात. तो सरकला की मापून घेतलेल्या क्लबचाही चेंडू तिरका जाऊ लागतो.