अंबाझरीवरचा भूगोल, आणि तोही मोबाईलवर

नाग नदी शहराच्या मधून वाहते आणि नागपूरची पोरं नदीचा धडा वर्गात बसून पाठ करतात, हे मला खरंच पटत नाही. त्यापेक्षा त्याच नदीवरच्या अंबाझरी तलावावर न्या ना त्यांना. मोबाईलवरच्या गेममध्ये पाण्याचा एक थेंब विचारतो, "मी आता कुठे जाणार?" आणि ढाळ कुठे आहे ते बघत, नकाशा चाळत पोरं नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत पार बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतात. असा गेम कुठल्याही सर-मॅडमना स्वतः बनवता येतो, कोडिंग येत नसलं तरी.

अमेरिकेतल्या एमआयटीचं टेलब्लेझर, तिथल्याच विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेलं एरिस, जर्मनीचं ॲक्शनबाउंड ही टूल्स याचसाठी बनली. नकाशावर पिन टाकायची, तिथे फोटो, प्रश्न किंवा एखादं पात्र ठेवायचं, मूल तिथे चालत गेलं की ते उघडतं. टेलब्लेझरमध्ये तर स्क्रॅच या मुलांच्या कोडिंगच्या टूलसारखे स्क्रीनवरचे ठोकळे जोडून "नमुना गोळा केला असेल तरच पुढचं पात्र बोलेल" अशा अटीही घालता येतात. मला यातली अटच सगळ्यात भारी वाटते, कारण त्यामुळे नुसता प्रश्नमंजुषेचा खेळ राहत नाही. एमआयटीच्याच एनव्हायर्नमेंटल डिटेक्टिव्ह्ज या जुन्या गेममध्ये विद्यार्थी कॅम्पसभर फिरून एका काल्पनिक रसायनगळतीचा माग काढायचे, आणि वेळ मोजकाच, त्यामुळे नमुने कुठून घ्यायचे अन् कोणाशी बोलायचं हे त्यांनाच ठरवावं लागायचं. शास्त्रज्ञांचं काम असंच तर चालतं.

आता जीपीएसचं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान ४ उपग्रहांचे सिग्नल पकडून, ते पोचायला किती वेळ लागला त्यावरून फोन स्वतःची जागा काढतो. मोकळ्या आभाळाखाली चूक साधारण ५ मीटरची, पण सेमिनरी हिल्सच्या झाडीत किंवा सीताबर्डीच्या बिल्डिंगांमध्ये सिग्नल अडतो, आपटून फिरून येतो आणि चूक वाढते. म्हणून पिनभोवतीचं वर्तुळ, म्हणजे ज्याच्या आत आलं की पिन उघडते ते, १५-२० मीटरचं ठेवा, नाहीतर पोरगं झाडाखाली उभं आहे आणि फोन म्हणतो अजून पोचलाच नाही. जीपीएसला नेट लागत नाही, नकाशाला लागतं, तेव्हा टूलमध्ये सोय असेल तर गेम शाळेच्या वायफायवरच डाउनलोड करून घ्या. आणि पिन पाण्याच्या काठावर किंवा रस्त्यापलीकडे अजिबात नको, स्क्रीनकडे बघत चालणारं मूल खाली बघत नाही. सगळं झालं की एक साधा स्वस्त फोन घेऊन पूर्ण वाट आधी स्वतः चालून बघा, जमलं तर डिसेंबरात, कारण मे महिन्यात सकाळी दहानंतर इथे बाहेर उभंच राहवत नाही.