शेजारचा कुत्रा सतत भुंकतो: ठाणे, नवी मुंबईत तक्रार कुठे आणि कशी करायची

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. कुत्रा भुंकला म्हणून मालकाला शिक्षा, असं कलम आपल्याकडे नाही. त्यामुळे 'शेजाऱ्यांचा कुत्रा फार भुंकतो, बंदोबस्त करावा' असा दोन ओळींचा अर्ज कुठेही दिला तरी तो फाइलला लागतो आणि तिथेच पडून राहतो. कायदा ओळखतो तो उपद्रव, म्हणजे वारंवार होणारा, लोकांची झोप किंवा काम बिघडवणारा आणि मालकाला सांगूनही न थांबलेला त्रास. तुम्ही जमवाल ते सगळे कागद एवढंच दाखवण्यासाठी असतात.

दुसरं, मागणी काय करायची ते आधी ठरवा. 'कुत्रा काढून टाका' असं लिहिलंत तर अर्ज तिथेच कमकुवत होतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्रे ठेवण्यावर बंदी घालता येत नाही, आणि नुसतं भुंकणं हे तर बंदीचं कारण होतच नाही. त्याच सूचनांमध्ये आपल्या प्राण्याचा इतरांना उपद्रव होऊ नये याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. म्हणून मागायचं ते पाळता येईल असं मागा: रात्री 10 ते सकाळी 6 कुत्रा घरात घ्यावा, बाल्कनीत नको, घर बंद असताना बाल्कनीचं दार उघडं ठेवून कुत्र्याला तिथे सोडू नये, दिवसा कुणी नसेल तर सांभाळायची सोय करावी. अशी मागणी सोसायटीच्या समितीला आणि पोलिसांना दोघांनाही पुढे रेटता येते.

तक्रार कोण करू शकतं

पोलिसांकडे कुणीही. मालक, भाडेकरू, पेइंग गेस्ट, समोरच्या इमारतीतला रहिवासी, ज्याला त्रास होतो तो. सोसायटीकडे मात्र तक्रार सभासदाने करायची असते. तुम्ही भाड्याने राहत असाल तर घरमालकाच्या सहीने अर्ज द्या, किंवा निदान त्यांचं संमतीपत्र आणि भाडेकराराची प्रत जोडा. घरमालक पुण्यात किंवा परदेशात असेल तर ईमेलची छापील प्रत लावून बघा. सचिव समजूतदार असेल तर तेवढं पुरतं.

कुत्रा दुसऱ्या सोसायटीत किंवा रो-हाऊसमध्ये असेल तर तुमच्या समितीला तिथे काही अधिकार नाही. अशा वेळी आपल्या सचिवाने त्यांच्या सचिवाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्यावं. एकट्या फ्लॅटधारकाच्या चिठ्ठीपेक्षा त्याचं वजन जास्त पडतं.

नवी मुंबईत आणखी एक घोळ असतो. सिडकोच्या जुन्या वसाहतींमध्ये बऱ्याच ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्था नसून अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहे. ती 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली चालते. तिथे सहकार खात्याचे आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) दाखवून उपयोग नाही, असोसिएशनचं स्वतःचं घोषणापत्र आणि नियम मागून घ्या. मेंटेनन्सच्या पावतीवर संस्थेचं नाव नीट वाचलं की आपण कुठल्या कायद्यात बसतो ते कळतं.

हद्द आधी तपासा

लोकांचे आठवडे इथे वाया जातात. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली हा भाग नवी मुंबई महापालिकेचा आणि जिल्हा ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली यांना आपण बोलताना नवी मुंबईच म्हणतो, पण महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. पोलीस आयुक्तालय मात्र नवी मुंबईचंच. म्हणजे खारघरच्या माणसाने पोलीस तक्रार नवी मुंबई पोलिसांकडे, कुत्र्याच्या परवान्याबद्दलचं पत्र पनवेल महापालिकेला आणि प्रांताधिकाऱ्यांकडचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडचा) अर्ज पनवेल उपविभागात द्यायचा. ठाण्यात घोडबंदर रोडवर गायमुखच्या पुढे गेलात की मीरा-भाईंदरची हद्द लागते, तिथलं पोलीस आयुक्तालयही वेगळं आहे.

नोंदवही: खरा पुरावा हाच

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण वहीवर तारीखवार लिहिलेलं समोरच्याला पटकन पटतं. नोंद अशी असावी:

सोमवार, सकाळी 9.20 ते 10.05. बाल्कनीतून सलग भुंकणं, मध्ये दोन-तीन मिनिटांची उसंत. शेजारी कामावर गेलेले.
बुधवार, रात्री 11.40 ते 12.15. खाली डिलिव्हरीवाला येऊन गेल्यावर सुरू. 12.05 ला इंटरकॉम केला, उचलला नाही.
शुक्रवार, दिवसभर शांत. त्यांच्या घरी आजी आलेल्या होत्या.

तिसरी नोंद बहुतेक लोक करत नाहीत, आणि कामाची तीच आहे. एक तर तिने वही प्रामाणिक वाटते. चोवीस तास भुंकतो असं लिहिलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय कुत्रा कधी गप्प असतो ते कळलं की का भुंकतो तेही कळतं. वरच्या उदाहरणातला कुत्रा मुख्यतः एकटा राहिला की भुंकतो. नवराबायको दोघं सकाळी ठाण्याहून वाशी-पनवेलची लोकल धरतात आणि रात्री आठला परततात, तोवर जनावर बाल्कनीच्या चार फुटांत. अशा घराला तुम्ही पोलीस आणलेत तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कुत्रा पुन्हा एकटाच असणार. वही दाखवून 'दुपारी कुणीतरी येऊन फिरवून आणेल अशी बाई ठेवा' हे सांगणं जास्त लागू पडतं. कित्येक मालकांना आपल्या मागे काय चालतं याचा पत्ताच नसतो, कारण ते घरी असतात तेव्हा कुत्रा शांत असतो.

रेकॉर्डिंग करा, पण आपल्याच घरातून. खिडकी बंद असताना किती ऐकू येतं आणि उघडी असताना किती, अशा दोन्ही क्लिप घ्या. शेजाऱ्याच्या घरात कॅमेरा रोखू नका, उलटी तक्रार येईल. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली क्लिप तिथे लंगडी पडते.

पहिला अर्ज सोसायटीला

सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये सभासदाने इतरांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही आपल्या सदनिकेत करू नये, असं स्पष्ट आहे, आणि ते थांबवण्याची पावलं उचलण्याचा अधिकार समितीला आहे. अर्ज सचिवाच्या नावे लिहा. फ्लॅट क्रमांक, त्रासाच्या वेळा, आधी तोंडी कधी बोललात ती तारीख आणि तुमची मागणी, एवढं एका पानात बसतं. शेजाऱ्याच्या स्वभावाबद्दल, पार्किंगच्या जुन्या भांडणाबद्दल एक अक्षर नको. ते आलं की समिती म्हणते, 'हे तुमचं आपसातलं आहे.'

सोबत नोंदवहीच्या पानांच्या झेरॉक्स आणि ज्यांना हाच त्रास होतो अशा इतर फ्लॅटधारकांच्या सह्या जोडा. घरात आजारी माणूस, तान्हं बाळ, रात्रपाळी करणारं कुणी किंवा दहावी-बारावीचं मूल असेल तर तसं लिहा, डॉक्टरांचं पत्र असेल तर लावा. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर शिक्का, तारीख, सहीसह पोच घ्या. सचिव पोच देत नसेल तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. उपविधींनुसार समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन तो नंतरच्या 15 दिवसांत तक्रारदाराला कळवायचा असतो. उपविधीभंगासाठी दंड करायचा तर सर्वसाधारण सभेची मान्यता आणि आधी कारणे दाखवा नोटीस लागते. सचिवाने परस्पर लिफ्ट बंद केली किंवा जास्तीचा मेंटेनन्स लावला तर ते बेकायदा, आणि मग तुमची बरोबर असलेली बाजूही गोत्यात येते.

समिती हललीच नाही तर तिने काम न केल्याबद्दल सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. सिडको क्षेत्रासाठी सहनिबंधकांचं वेगळं कार्यालय आहे. पण उपनिबंधक कुत्र्याबद्दल निर्णय देणार नाहीत. ते समितीला विचारणा करतील, इतकंच.

पोलीस ठाणे

रात्रीचा त्रास चालू असताना 112 वर फोन करता येतो. केलात तर वेळ वहीत लिहा. लेखी तक्रार आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे द्या. सोबत तुमचं आधार किंवा मतदार ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, सोसायटीला दिलेल्या अर्जाची पोच, समितीचं उत्तर आलं असेल तर ते, नोंदींच्या प्रती आणि क्लिप असलेला पेन ड्राइव्ह. सोसायटीची पोच असली की पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराचा पहिलाच प्रश्न, 'आधी सोसायटीत बोललात का?', निकालात निघतो.

इंटरनेटवर फिरणाऱ्या अर्जांच्या नमुन्यांत अजून भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) 268 आणि 290 ही कलमं असतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम 270 मध्ये, शिक्षा 292 मध्ये, दंड 1000 रुपयांपर्यंत. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून तुम्हाला तिची प्रत मिळते; दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. यात हिरमुसायचं कारण नाही. पोलीस शेजाऱ्याला बोलावून समज देतात आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

कुत्रा कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेला असेल आणि त्याला फिरवतच नसतील, तर तक्रारीत 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 चाही उल्लेख करा. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये इतका हास्यास्पद आहे, पण प्राणिप्रेमी म्हणवणाऱ्या मालकाला हे कलम उपद्रवापेक्षा जास्त टोचतं.

डेसिबलच्या नादी लागायचं का?

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10, मर्यादा 55 डेसिबल आणि रात्री 45. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. आवाज या मर्यादेच्या 10 डेसिबल किंवा त्याहून वर गेला तर तक्रार करता येते. ऐकायला सोपं वाटतं. पण मर्यादा ठरते ती काही काळाच्या सरासरीवर, आणि भुंकणं तुटक असतं. हायवेला लागून असलेल्या इमारतीत मीटर कुत्र्याआधी ट्रकच मोजतो. मोबाइल अ‍ॅपचा आकडा वहीत लिहा हवा तर, पुरावा म्हणून तो टिकत नाही. माझ्या मते या वाटेवर फार वेळ घालवू नये.

परवान्याचंही तसंच. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो; त्यासाठी साधारणपणे मालकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, रेबीज लसीकरणाचा दाखला आणि कुत्र्याचा फोटो मागतात. परवाना नसल्याची शंका असेल तर ठाण्यात प्रभाग समिती आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयामार्फत पशुवैद्यकीय विभागाला पत्र देता येतं. त्याने कागदपत्रं सरळ होतील, भुंकणं थांबेलच असं नाही. भटके कुत्रे हा निराळा विषय आहे; त्यांना 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू होतात.

त्यापुढे

अनेक घरांना त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 133) उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांताकडे अर्ज करता येतो. ते सशर्त आदेश काढून समोरच्याला म्हणणं मांडायला बोलावतात. हा मार्ग सार्वजनिक उपद्रवासाठीच आहे, म्हणून वेगवेगळ्या मजल्यांवरच्या रहिवाशांच्या सह्या आणि आधीच्या सगळ्या पोच लागतात. त्रास फक्त तुमच्याच बेडरूमच्या भिंतीला असेल तर तो खाजगी उपद्रव, त्यासाठी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा लागतो. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व मध्यस्थीसाठी अर्ज करून पाहा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं. रोज जिन्यात गाठ पडणाऱ्या माणसाशी वर्षानुवर्षं दावा चालवण्यापेक्षा मध्यस्थासमोर बसून वेळा ठरवून घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

चिडून दगड मारणं, खाण्यात काही घालणं याच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. प्राण्याला मारणं, विष देणं किंवा जायबंदी करणं यासाठी न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये 5 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तुमची नोंदवही तेव्हा तुमच्याच विरुद्ध हेतूचा पुरावा म्हणून वाचली जाईल.

पोलीस ठाणे किंवा महापालिकेत दिलेल्या अर्जाचं काही कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी' एवढंच लिहा. उत्तराची मुदत 30 दिवस.