मोटारसायकलचे टायर व ब्रेक पॅड घरी बदलणे

दुचाकीचे झिजलेले टायर, ट्यूब आणि ब्रेकचे पॅड गॅरेजमध्ये न नेता अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलण्याची रीत. चाक उतरवले की ब्रेक समोरच येतो, म्हणून ही कामे सहसा जोडीने होतात. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. टायरला घाम गाळावा लागतो आणि चुकले तर ट्यूब हवा सोडून लगेच सांगते. पॅडला ताकद फारशी लागत नाही, चूक मात्र पहिल्या उतारावर कळते. पुढील वर्णन मुख्यतः पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असलेल्या १०० ते १५० सीसीच्या गाड्यांचे आहे.

टायर संपला हे ओळखायला नक्षीच्या खाचा पाहाव्यात. त्यांत ठरावीक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर काढावा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नवा टायर घेतानाही ही संख्या वाचून घ्यावी. ८०/१००-१८ या मापात रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिम १८ इंचांची. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत नांदतात, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. शोभेसाठी मापाबाहेरचा जाड टायर टाकला तर तो चेनला किंवा स्विंग आर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांना) घासू शकतो.

गाडी डबल स्टँडवर घ्यावी. मागच्या चाकासाठी ब्रेक रॉड आणि ब्रेक प्लेटला धरणारा टॉर्क रॉड सोडवून एक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा दांडा, ओढायचा. बुश (एक्सलवरच्या छोट्या नळ्या) आणि वॉशर निघाले त्याच क्रमाने जमिनीवर मांडून ठेवावेत. मोबाइलवर फोटो काढला तर आणखी बरे. बसवताना एखादा बुश हातात उरला, तर सगळे पुन्हा खोलण्याला पर्याय नाही.

ट्यूबच्या टायरमध्ये वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडतात आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी पायाने दाबून रिमपासून सुटी करतात. पुढचे काम टॉमीचे, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीचे, पण खरी युक्ती टॉमीत नाही. रिमच्या मधोमध खोल नाळ असते. ज्या बाजूला टॉमी लावली, त्याच्या समोरची कड गुडघ्याने त्या नाळेत दाबून धरली की टॉमीच्या बाजूला सैलपणा येतो आणि कड अलगद वर निघते. तिथे नुसता जोर लावणाऱ्याची टॉमी वाकते, कधी रिमही. पंक्चरवाल्याचे हात सहज चालताना दिसतात ते या गुडघ्यामुळे.

चढवताना टायरच्या बाजूवरचा, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण आधी पाहावा. ट्यूबमध्ये ती गोल होईल इतकीच हवा भरावी. रिकामी ट्यूब टॉमीखाली चिमटते. आऱ्यांच्या चाकात रिम टेप (आऱ्यांच्या टोकांपासून ट्यूब वाचवणारी पट्टी) जागेवर आहे ना, हेही बघावे. कडेला साबणाचे पाणी लावतात. ग्रीस किंवा ऑइल लावू नये. वॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून शेवट वॉल्व्हपाशी करतात. शेवटचा वीतभर भाग सर्वांत हट्टी असतो. तो चढवण्याआधी वॉल्व्ह बोटाने आत ढकलला नाही, तर ट्यूब कडेखाली अडकते. हवा भरल्यावर टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

ट्यूबलेस टायरची कड घट्ट बसलेली असते आणि ती पुन्हा ‘फट्’ आवाज करून बसायला कॉम्प्रेसरची हवा लागते. हातपंपाने हे सहसा जमत नाही. अशा वेळी चाक घरी काढून फक्त टायर दुकानात चढवून आणणे शहाणपणाचे.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलवर आला तो १९६९ च्या होंडा सीबी७५० पासून. पॅडवरच्या खाचा पुसट झाल्या की पॅड बदलतात. कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) सोडवून पिन काढली की जुने पॅड हाती येतात. नवे जाड असल्याने पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलावा लागतो, आणि तसे करताना हँडलवरच्या छोट्या टाकीत ब्रेक ऑइल चढते. झाकण उघडून पातळीवर लक्ष ठेवावे. ब्रेक ऑइल रंग खाते, सांडलेले लगेच पाण्याने धुवावे. कॅलिपर बाहेर असताना कोणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतो. घरात लहान मूल असेल तर हँडलला फडके गुंडाळून ठेवावे. पॅडला किंवा डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नये. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

मागच्या ड्रममधील शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे अर्धगोल तुकडे) बदलताना आतली काळी धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या थरात) फुफ्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस असे. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. अशा चाकाजवळ दातेरी रिंग आणि तिचा सेन्सर असतो. चाक काढताना तो वाकवू नये.

बसवल्यावर चेनचा ढिलेपणा आणि चाकाची सरळ रेघ तपासून एक्सलचा नट मॅन्युअलमधील आकड्याइतका आवळतात, नट सुटू न देणारी कॉटर पिन असेल तर ती नवी घालतात. मग एक काम उरते आणि तेच विसरले जाते. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्यांदा दाबलेला लिव्हर थेट हँडलला टेकतो, जणू ब्रेकच नाही. तो कडक लागेपर्यंत पंप करूनच गाडी स्टँडवरून उतरवावी. नवे पॅड आणि नव्या टायरचा गुळगुळीत पृष्ठभाग या दोघांची पकड सुरुवातीला कमीच असते. पहिले शंभरएक किलोमीटर हळू ब्रेक लावत आणि वळणावर फार न झुकता काढतात.