फवारणीचा पंप आणि अंगातलं एक एन्झाइम

पारोळा-अमळनेरच्या शिवारात ऑगस्टमध्ये कपाशी अंगाला लागली की मावा-तुडतुड्यांमागे पंप निघतात. सालदार ओळीतून चालतो, वारं फिरलं की फवारा त्याच्याच तोंडावर येतो, आणि टाकीचं झाकण सैल असेल तर औषधाचं पाणी सदऱ्यातून पाठीत मुरतं. संध्याकाळी मळमळ, डोकं जड, दरदरून घाम, तोंडाला सारखं पाणी. ऊन लागलं म्हणून तो पडून राहतो. अशा वेळी त्याच्या डोळ्यांत बघा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ते ऊन नव्हे, फवारणीच्या औषधाची विषबाधा आहे. लगेच दवाखाना गाठा.

स्नायूला हलण्याचा निरोप मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन नेतं. निरोप पोचला की ते तिथल्या तिथे मोडावं लागतं, नाहीतर स्नायूला सैल होताच येणार नाही. हे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमचं, म्हणजे रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या प्रथिनाचं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन मोडतो! १९९१ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा आत एक खोल, अरुंद घळ दिसली. घळीच्या तळाशी सेरिन हे अमिनो आम्ल असतं. ॲसिटिलकोलीन तिथे आलं की त्याचा एक तुकडा सेरिनला क्षणभर चिकटतो, पाण्याचा रेणू तो सोडवतो, आणि जागा पुढच्यासाठी मोकळी होते.

या वेगाला मर्यादा असते. बर्लिनमध्ये लिओनोर मिकाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ साली साखर मोडणाऱ्या एन्झाइमवर हेच मोजून दाखवलं. जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या वाढल्या तरी काटा एकच असेल, तर तासाला ठरावीक गाड्यांचंच वजन होतं. तो कमाल वेग. त्याच्या निम्मा वेग मोडायच्या पदार्थाच्या ज्या प्रमाणाला मिळतो, त्याला मिकाएलिस स्थिरांक म्हणतात. तो जितका कमी, तितकं थोड्याशा पदार्थावरही एन्झाइमचं काम जोरात चालतं.

एन्झाइमचं काम अडवणाऱ्या पदार्थांना रोधक म्हणतात. काही रोधक मोडायच्या मूळ पदार्थाशी जागेसाठी नुसती स्पर्धा करतात. मूळ पदार्थ वाढवला की ते मागे पडतात, कमाल वेग तोच राहतो. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांची गोष्ट निराळी. त्यांचा फॉस्फरसवाला भाग सेरिनला असा जखडतो की पाण्याला तो सहजी सुटत नाही. काटाच बंद पडला. आता ॲसिटिलकोलीन कितीही साचो, वेग वाढत नाही. कार्बामेट गटातली औषधंही तिथेच बसतात, पण ती बहुधा काही तासांत सुटतात.

क्लोरपायरीफॉस मूळ रूपात फारसं घातक नसतं. यकृतातली एन्झाइमं त्यावर ऑक्सिजन चढवतात आणि खरं विष तयार होतं. रक्तातलं पॅराऑक्सोनेज हे एन्झाइम मग ते विष मोडू लागतं. त्याची ताकद माणसागणिक वेगळी असते.

डॉक्टर ॲट्रोपिन हे औषध देतात. ते ॲसिटिलकोलीनचा अतिरेकी परिणाम थोपवतं, एन्झाइम सोडवत नाही. प्रॅलिडॉक्सिम हे दुसरं औषध सेरिनवरचा फॉस्फरस ओढून काढू शकतं, मात्र वेळेत दिलं तरच. उशीर झाला की त्या जोडणीचाच एक भाग गळून पडतो आणि ती कायमची पक्की होते. मग शरीराला एन्झाइम नव्यानं घडवावं लागतं. लाल पेशींवरचं हे एन्झाइम तर नव्या पेशींबरोबरच येतं, आणि एका पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. आठवड्यानं पुन्हा पंप पाठीवर घेतला, तर आधीची तूट भरलेली नसतेच, वर नवी पडते.

“आमाले सवय शे,” असं शेतात ऐकू येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या सवयीचं एक कारण सापडलं आहे. ॲसिटिलकोलीन सतत साचत राहिलं की पेशी त्याचा निरोप घेणारे आपल्यावरचे रेणू, म्हणजे ग्राहक (रिसेप्टर), कमी करतात. शरीराचं हे नियमन त्रास दडवतं, एन्झाइम मात्र दबलेलंच राहतं.

ही तूट रक्ताच्या कोलिनएस्टरेज तपासणीत दिसते. प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असल्यानं पहिली तपासणी हंगामाची फवारणी सुरू होण्याआधी करून ठेवावी, म्हणजे नंतरचा आकडा तिच्याशी ताडून पाहता येतो.