१२ व्होल्टची मोटार नीट चालत नसेल, तर बदलण्याआधी हे तपासा

मोटार नुसती गुणगुणते, झटका देऊन थांबते किंवा लोड आला की मंदावते, म्हणजे ती जळालीच असं नाही. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मोटारी टेबलावर चांगल्या सप्लायला जोडल्या की व्यवस्थित फिरतात. दोष वायरिंगमध्ये किंवा अ‍ॅडॅप्टरमध्ये असतो.

आधी सप्लाय बंद करून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. पुढची यंत्रणा अडकली असेल तर मोटार जादा करंट ओढते आणि व्होल्टेज पडतं. हे न पाहता वायर तपासत बसलात तर वेळ वाया जाईल.

शाफ्ट मोकळा फिरत असेल तर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि मोटार लोडवर चालू असतानाच तिच्या टर्मिनलवर रीडिंग घ्या. बंद मोटारीपाशी पूर्ण १२ व्होल्ट दिसले तरी त्यावर विसंबू नका. करंट वाहत नसताना खराब जॉइंटही चांगलाच वाटतो. लगेच सप्लायपाशीही मोजा. तिथे १२ आणि मोटारीपाशी १० असतील, तर २ व्होल्ट वाटेत खर्च होत आहेत. नेमके कुठे, तेही कळतं: मोटार चालू असतानाच एक प्रोब वायरच्या एका टोकाला, दुसरा त्याच वायरच्या दुसऱ्या टोकाला लावा; जे रीडिंग येईल तेवढे व्होल्ट त्या वायरीत खर्च होत आहेत. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी, स्विच आणि प्रत्येक जॉइंट असाच पाहा. मायनसची वायर बहुतेकजण विसरतात.

वायरची जाडी फार महत्त्वाची. मोटार ५ मीटरवर असेल तर करंटचा जाऊन-येऊन प्रवास १० मीटरचा. ०.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत ३ अँपिअरला सुमारे १.२ व्होल्ट पडतात. सुरू होताना मोटार याच्या कितीतरी पट करंट घेते. १० अँपिअर घेतला तर जवळपास ४ व्होल्ट गेले. १.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकली की हे नुकसान तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

सप्लायपाशीच व्होल्टेज कोसळत असेल, किंवा एसएमपीएस (२३० व्होल्टवरून १२ व्होल्ट डीसी देणारा सप्लाय) सारखा चालू-बंद होत असेल, तर तो सुरुवातीच्या करंटला पुरत नाही. जास्त अँपिअरचा घ्या. जास्त व्होल्टचा मात्र लावू नका, लोड कमी झाला की वायरीत कमी व्होल्ट पडतात आणि मोटारीला १२ पेक्षा जास्त मिळून ती खराब होऊ शकते.

मीटर अँपिअरवर असताना प्रोब थेट सप्लायच्या दोन टोकांना लावू नका, शॉर्ट होतो. फ्यूज सप्लायजवळच बसवा. २३० व्होल्टची बाजू उघडू नका, ती वायरमनला पाहू द्या.

तरीही अडलं तर आम्हाला सप्लायपाशीचं आणि मोटारीपाशीचं अशी दोन्ही रीडिंग, वायरची लांबी-जाडी आणि अ‍ॅडॅप्टरच्या लेबलचा फोटो पाठवा.