दोर अडतो कुठे?

कप्पी गंजली की विहिरीतलं पाणी जड होतं. घागर तेवढीच, पण खांदे भरून येतात. दोरावरून झाडावर चढणाऱ्या हौशी माणसाची पहिली तक्रारही अशीच असते: ओढतोय, पण वर सरकत नाही.

मांडणी साधी आहे. दोराचं एक टोक कमरेच्या हार्नेसला, दोर फांदीवरून पलीकडे, आणि खाली आलेल्या त्या बाजूवर हार्नेसलाच जोडलेली सरकगाठ: हाताने सरकते, वजन पडलं की धरते. बहुतेकदा ‘ब्लेक्स हिच’. फांदी गुळगुळीत असती तर ७० किलोच्या माणसाला ३५ किलोचाच जोर पुरला असता. पण साल खरखरीत. घर्षणगुणांक (घर्षण किती, याचा आकडा) ०.५ धरला, तर तोच जोर ५८ किलोवर जातो. गंमत म्हणजे फांदी जाड की बारीक, याने फरक पडत नाही. दोर तिला किती वळसा घालतो, यावर सगळं अवलंबून. अर्ध्या वळशात दोन बाजूंच्या ताणांचं प्रमाण सुमारे पाच पट होतं. दोर टाकताना चुकून एक पूर्ण वेढा जास्त पडला, तर शंभर पटींच्या वर! मग कितीही लोंबकळा, दोर हलत नाही. आधी वर बघा, वेढा मोजा.

वेढा नसेल, तर फांदीवर कातडी नळी किंवा दोन कड्यांचा पट्टा बसवतात आणि दोर त्यातून नेतात, म्हणजे घर्षण घटतं. सालही सोलवटत नाही.

इथे दुसरं दुखणं सुरू होतं. चढणं सोपं झालं, पण उतरताना गाठ आवळून बसते, नाहीतर घसरते. कारण उतरताना सालीचं घर्षण गाठीच्या मदतीला होतं: गाठीवर जेमतेम १२ किलो येत होते. फांदीवर मोकळी कप्पी लावली की तेच ३५ होतात. म्हणून मला कप्पीपेक्षा कड्या बऱ्या वाटतात. थोडं घर्षण त्या स्वतःकडे ठेवतात.

भरभर उतरलात तर उतरण्यातली बरीचशी ऊर्जा गाठीत उष्णता होऊन साठते. पॉलिएस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसला वितळतं. गाठ सोडून तो भाग अंगठ्याने वाकवून पाहा: काचेसारखी चकाकी आणि ताठरपणा असेल, तर तेवढा दोर कापून टाका.

गाठही मोजायची. चार वेढे, टोक खालच्या दोन वेढ्यांच्या आतून, आणि त्या टोकाला अडगाठ. काहीही बदललं, की आधी गुडघाभर उंचीवरच लोंबकळून बघायचं.