सरकारी सेवकांचे वेतन व सेवा-अभिलेख : नागरिकांचा माहितीचा अधिकार

सार्वजनिक तिजोरीतून पगार घेणाऱ्या व्यक्तीला किती वेतन मिळते, तिची नेमणूक व बढती कशी झाली, तिच्यावर काही कारवाई झाली का, हे जाणून घेण्याचा नागरिकांचा हक्क व त्याच्या मर्यादा. भारतात या हक्काचा मुख्य आधार माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा आहे. महाराष्ट्रात त्याआधीच, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर, राज्याचा स्वतंत्र कायदा झाला होता. केंद्राचा कायदा आल्यावर तो मागे पडला.

वेतनाबाबत कायदा निःसंदिग्ध आहे. कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायच्या १७ बाबी दिल्या आहेत. त्यांतली नववी बाब अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि दहावी प्रत्येकाला मिळणारे मासिक वेतन. ‘प्रत्येकाला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसती वेतनश्रेणी छापून हे कलम पाळले जात नाही, तरी अनेक कार्यालयांच्या यादीत तेवढेच सापडते, तेही कधी कधी बदलून गेलेल्या साहेबांच्या नावासह. एरवी पगारात लपवण्यासारखे फारसे नसतेच. तलाठी पदाच्या २०२३ च्या भरतीत वेतनस्तर एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१०० रुपये, असा जाहिरातीतच छापलेला होता. महागाई भत्ता व घरभाडे भत्ता यांचे दर शासन निर्णयांत असतात. मूळ वेतन कळले की एकूण आकडा कोणालाही कागदावर मांडता येतो.

अडचण सुरू होते ती वेतनचिठ्ठीच्या उजव्या बाजूला, कपातींच्या रकान्यात. व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) बहुतेकांचे सारखेच, त्यात खासगी काही नाही. पण भविष्य निर्वाह निधीतून घेतलेली अग्रिमे, पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते, विमा, न्यायालयाच्या आदेशाने कापली जाणारी पोटगी, हे सारे तिथेच उतरते. डाव्या बाजूला सरकारचा खर्च दिसतो, उजव्या बाजूला माणसाचे घर. त्यामुळे एकूण वेतन द्यायचे आणि कपाती झाकायच्या, ही वाट सर्वांत सरळ ठरते. अभिलेखातला देता येणारा भाग वेगळा काढून देण्याची सोय कायद्याच्या कलम १० मध्ये आहेच.

‘सेवा-अभिलेख’ यात मुख्यतः तीन गोष्टी येतात. आस्थापना शाखेच्या कपाटातले सेवापुस्तक : जन्मतारीख, नेमणूक, वेतननिश्चिती, रजा, वेतनवाढी, शिक्षा. दुसरा वार्षिक गोपनीय अहवाल, ज्याला आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात, पण कार्यालयात सगळे अजून ‘सीआर’च म्हणतात. तिसरी विभागीय चौकशीची कागदपत्रे. त्यांच्या जोडीला मत्ता व दायित्वाची विवरणपत्रे असतात. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची वार्षिक विवरणपत्रे केंद्राच्या कार्मिक विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. खालच्या कर्मचाऱ्यांची मात्र सहसा पाकिटातच राहतात.

या अभिलेखांबाबतचा वाद कलम ८(१)(ञ) भोवती फिरत आला. मूळ तरतूद अशी होती की, वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नसेल, किंवा ती उघड केल्याने खासगी आयुष्यात अवाजवी घुसखोरी होणार असेल, तर ती नाकारता येईल. सोबत एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, होते : संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही.

या कलमाचा व्यवहारातला अर्थ बदलला तो अकोल्याच्या एका प्रकरणाने. तिथल्या भविष्य निर्वाह निधी उपप्रादेशिक कार्यालयातील एका अंमलबजावणी अधिकाऱ्याविषयी २००८ मध्ये अर्ज झाला. त्याला दिलेले ज्ञापन, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा, मालमत्ता, आयकर विवरणपत्रे, इतकेच काय, मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंचा तपशीलही मागितला होता. गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी अर्जदाराची याचिका फेटाळली. कर्मचाऱ्याची कामगिरी ही मुख्यत्वे तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातली बाब आहे, व्यापक सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती उघड करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. लग्नाच्या आहेराची यादी आणि शिक्षेचा आदेश यांना एकाच मापाने मोजले गेले, हा या निकालाचा दुबळा भाग. निकालात परंतुकाचा विचार झालाच नाही, अशी टीका माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी सातत्याने केली. पण जनमाहिती अधिकाऱ्यांच्या हाती एक तयार उत्तर आले आणि नकाराच्या पत्रांत या निकालाचा हवाला नेहमीचा झाला.

पुढे, १३ नोव्हेंबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सुभाषचंद्र अगरवाल प्रकरणात शैक्षणिक अर्हता, कामगिरी, मूल्यमापन अहवाल व शिस्तभंगाची कार्यवाही यांना वैयक्तिक माहितीत धरले, मात्र प्रत्येक प्रकरणात सार्वजनिक हित तोलून पाहण्याची वाट मोकळी ठेवली. वेतनाकडे न्यायालये अधिक मोकळेपणाने पाहत आली आहेत. पोटगीचा वाद चालू असताना पतीच्या पगाराची माहिती केवळ खासगी राहत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये मानले.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ८(१)(ञ) ची जागा तीन-चार शब्दांनी घेतली : वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. घुसखोरी अवाजवी आहे का, सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, या कसोट्या गेल्या. परंतुकही त्यांच्याबरोबर गेले असे मानले जाते. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. मात्र कलम ८(२) शाबूत आहे : हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. कलम ४ मधल्या दहाव्या बाबीलाही कोणी हात लावलेला नाही, आणि कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेल्या विदेला नवा अधिनियम लागू होत नाही, असे त्यातच म्हटले आहे. म्हणजे मासिक वेतनाची यादी लावणे आजही कार्यालयाचे कर्तव्यच आहे.

अर्जाची पद्धत साधी आहे : १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. माहिती त्रयस्थाची असेल तर कलम ११ प्रमाणे त्याला नोटीस जाते व मुदत ४० दिवसांपर्यंत लांबते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे पगार व चौकशी एकाच अर्जात मागितली की घोळ होतो.

अर्जदार नेहमी बाहेरचाच असतो असे नाही. कॅनरा बँकेतील लिपिकांच्या बदल्या व नेमणुकांचा तपशील मागणारा, ज्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी अमान्य केली, तो त्याच बँकेचा कर्मचारी होता. ज्येष्ठता सूचीत आपण मागे का पडलो, हे शोधताना शेजारच्या टेबलाचे सेवापुस्तक हवेसे वाटते. स्वतःच्या नोंदींपुरता प्रश्न देवदत्त प्रकरणातील २००८ च्या निकालाने सोडवला आहे : गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, संबंधित कर्मचाऱ्याला कळवावीच लागते.